अर्ध्या कोयत्याची बदली

रोहिणीचा व्हिसा आला, आणि त्याच मिनिटाला आईच्या डाव्या हाताला सात टाके पडायची सोय झाली.

जानेवारीचा शेवटचा आठवडा. प्रवरेच्या काठचा ऊस, दहा कोयत्यांची आमची टोळी, आणि थंडी अशी की सकाळी पानाला हात लावला की दव बाहीतून थेट काखेत जायचं. आम्ही कर्जत तालुक्यातले, बाभूळखडकचे. दसरा झाला की आमच्या गावात म्हातारी माणसं, शेरडं आणि मास्तर एवढेच उरतात. बाकीचं गाव कारखान्याच्या ट्रॅक्टरमध्ये बसतं. जिल्हा तोच. आमच्या टोकाला पाणी नाही, या टोकाला आहे, म्हणून सहा महिने आम्ही टोक बदलतो.

आईने फोन डोक्याच्या फडक्यात, कानाशी खोचला होता. हात रिकामे ठेवून बोलायची ही तिची पद्धत.

"आई, व्हिसा आला!" रोहिणी पलीकडून एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या सरीत मला ऐकू आलं.

आई "आं?" म्हणाली आणि कोयता खाली आला. उसावर यायचा तो अंगठ्याच्या बुडाशी आला. आई ओरडली नाही. हाताकडे बघत फोनमध्ये म्हणाली, "बरं झालं बाई. जेवलीस का?" मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, "वैज्या, फडकं आन. फोन चालू हाय, आरडू नको."

मी ओरडलो.

रोहिणी माझी धाकटी बहीण. कृषी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला. कॉलेजने तिला एका सत्रासाठी, गाईगोठ्यांचा अभ्यास करायला, डेन्मार्कच्या विद्यापीठात निवडलं होतं. एक फेब्रुवारी ते जूनअखेर. तिकीट, राहणं, सगळं तिकडून. घरात हे सांगितलं तेव्हा आण्णांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, एकच प्रश्न विचारला होता.

"जोडी कोन?"

"जोडी नाही आण्णा. मी एकटीच निवडली गेलेय."

"एकटी?" आण्णांच्या तोंडातला घास तसाच राहिला. "पाच महिन्याला? अर्धा कोयता?"

आमच्यात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. कोयता म्हणजे दोन माणसं, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यांनी. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला बांधाकडेची वाकडी सरी मिळते, कोपी, म्हणजे पाल्याची झोपडी, टाकायला उकिरड्याजवळची जागा मिळते, आणि गाडी भरताना त्याच्या मोळ्या सगळ्यांत शेवटी. माझी आत्या, रंगुबाई, नवरा गेल्यावर आठ वर्षं अर्धा कोयता होती. मग मी मोठा झालो आणि तिचा दुसरा अर्धा झालो. तेवीस वर्षांचा आहे मी. लग्नाचं विचारलं की लोक सांगतात, याची जोडी आत्यासंगं लागली.

तर आमच्या घरचे दोन कोयते. आण्णा आणि आई. मी आणि आत्या. आता आईचा हात गळ्यात आला आणि दोनाचे दीड झाले.

मुकादम मच्छिंद्र मोटारसायकलवरून आला. टोळीत बूट घालणारा तो एकटाच. त्याने आईच्या हाताकडे बघितलं, मग उसाच्या गाडीकडे बघितलं.

"वैनी, लई लागलं का?"

"न्हाई. सात टाके."

"मग बसा आठ-धा दीस." हे त्याने मायेनं म्हटलं. आणि त्याच मायेनं आण्णांना म्हणाला, "अजिनाथ, पर गाडी रोजच्या येळंला भरली पायजे बरं का. नाव दोन कोयत्यांचं लागलंय. नाव लागलं म्हंजी मानूस पायजे. कुनीबी असू दे."

कुनीबी असू दे. हे वाक्य आण्णांच्या डोक्यात शिरलं आणि तिथंच कोपी टाकून बसलं.

दुसऱ्या दिवशी रोहिणी आली. निरोप घ्यायला तीन दिवस, मग मुंबई, मग विमान. भली मोठी निळी बॅग घेऊन ती पाचटातून, उसाच्या वाळक्या पाल्यातून, चालत आली. बॅगेला चाकं होती, आणि पाचटात चाकाचा काही उपयोग होत नाही हे कळायला तिला दहा पावलं लागली. मग तिने बॅग डोक्यावर घेतली. आईचा हात बघितला, बॅग खाली ठेवली.

"हे कधी?"

"किरकोळ हाय."

"कधी, आई?"

"तुझा फोन आल्ता तवा," आत्या म्हणाली. आत्या खोटं बोलत नाही. तिचा तेवढा एकच दोष.

रोहिणी कोपीत गेली, आईचा जुना शर्ट अंगात घातला, डोक्याला फडकं बांधलं आणि आईचा कोयता उचलला. आई म्हणाली, "ठेव तो." रोहिणीने ठेवला नाही.

ती बारावीपर्यंत सुट्टीत तोडायला यायची. हात विसरले नव्हते. पहिल्या तासाला तिच्या तळव्याला फोड आला, दुसऱ्या तासाला तो फुटला, तिसऱ्या तासाला तिने त्यावर चिंधी बांधली आणि पुढची सरी धरली. कुसळं मानेत घुसलेली, गालावर पात्याचे ओरखडे. दुपारपर्यंत तिच्या चाळीस मोळ्या झाल्या. माझ्या एकतीस.

आण्णांनी दोन्ही ढिगांकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडं बघितलं. ती नजर मी ओळखतो. बाजारात शेरडाचे दात बघताना ती असते.

जेवायला बसलो तेव्हा मुकादमही येऊन टेकला. "पोरगी हाताला लई चांगली हाय अजिनाथ," भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणाला. "आता हिला कुठं धाडतो? ऱ्हाऊ दे की पट्टा पडंपत्तुर."

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. त्याला अजून दोन महिने होते. रोहिणीचं विमान परवा.

रोहिणी ठेचा भाकरीला लावत होती.

"म्या ईचार केलाय," आण्णा म्हणाले. "नाव लागलंय तर मानूस गेलं पायजे. हितलं बी नाव लागलंय, तिथलं बी. खरं का न्हाई?"

"खरं," मुकादम म्हणाला.

"मग रोहिणी हितं ऱ्हाईल. आन् तिच्या बदली डेन्मार्कला वैज्या जाईल."

मी बारावी नापास आहे. इंग्रजीतच. मी वाट बघितली की कुणीतरी हसेल. मुकादमाने मान डोलावली. "बदली चालते," तो म्हणाला. "आजारी पडलं तर भाऊ जातो, भावजय जाते. चालतं."

"आण्णा," रोहिणी म्हणाली, "तिथं पासपोर्टवर माझा फोटो आहे."

"तुमी दोघं बहीनभाऊच हायेत. नाक एकच हाय."

"मिशी?" आत्या म्हणाली.

"काढंल की."

मी मिशीवर हात ठेवला. खरं सांगतो, त्या क्षणी डेन्मार्कपेक्षा मिशीचं वाईट वाटलं.

रोहिणीने आण्णांना समजावलं. दोनदा. मग तिच्या लक्षात आलं की ते गंमत करत नाहीत. तिचा चेहरा असा झाला की जणू कुणी तिला सांगितलं, तू काय, दुसरं कुणी काय, सारखंच. ती म्हणाली, "बरं. त्यांनाच विचारू. तिथल्या मॅडमबरोबर आज माझा कॉल आहे. अडीच वाजता."

अडीच वाजता, म्हणजे तिकडे सकाळी दहाला, डेन्मार्कच्या किर्स्टन मॅडम मोबाईलच्या पडद्यावर आल्या. पिकलेले केस, मागे पांढरी भिंत, हातात कप. रोहिणीने मोबाईल मोळीला टेकवून उभा केला. पडद्याच्या चौकोनात आम्ही सगळे बसलो: आण्णा मध्ये, आईचा गळ्यातला हात, आत्या, मी, आणि कडेला मुकादमाचा एक बूट.

मॅडमने हात हलवला. आण्णांनी रामराम घातला आणि बोलायला सुरुवात केली. रोहिणी भाषांतर करत होती. तिने एक शब्द गाळला नाही, एक सुधारला नाही. आईचा हात, दीड कोयता, नाव लागलं म्हणजे माणूस पाहिजे, सगळं सांगितलं. मग माझ्याकडं बोट करून वाक्य पूर्ण केलं.

मॅडम मान हलवत ऐकत होत्या. त्या मान हलवायच्या थांबल्या. कप तोंडाजवळ होता, तो तिथंच राहिला. मला वाटलं रेंज गेली. पण मागच्या खिडकीत बर्फ पडत होता, म्हणजे रेंज होती.

"तिला सांग, पोरगा कामाला चांगला हाय," आण्णा म्हणाले.

"खोटं बोलू नगं," आत्या म्हणाली.

रोहिणीने दोन्ही वाक्यांचं भाषांतर केलं.

मॅडमने कप खाली ठेवला आणि मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "यस." त्यांनी आणखी काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "यस."

"काय ईचारलं?" आईने विचारलं.

"आधी विचारलं, तुला गाई आवडतात का," रोहिणी म्हणाली. "मग विचारलं, तुझ्यावर घरचे जबरदस्ती करतायत का."

मॅडमने मग सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं उत्तर दिलं. जागा रोहिणीच्या नावाची आहे. ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही, भावालाही नाही. ती आली नाही तर ती जागा रिकामी राहील. आणि आईला लवकर बरं वाटो.

"रिकामी?" आण्णा दचकले. "पाच म्हैने? तितं कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही."

आण्णांनी मुकादमाच्या बुटाकडे बघितलं. रिकामी जागा मोकळी सोडणारा मुकादम त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. "लई विचित्र बाई हाय," ते म्हणाले. "आपली असती तर आतापत्तुर दुसरं मानूस लावलं असतं."

कॉल संपला. मुकादम मोटारसायकलला किक मारून गेला, जाताना म्हणाला, "मग ठरलं. पोरगी हितंच."

ठरलं कुठे, कुणी ठरवलं, हे मला कळलं नाही. रोहिणी उठली. पाचटातून उसाची चार कांडकी उचलून आण्णांच्या पुढ्यात ठेवली.

"आण्णा, हे तुम्ही. ही आत्या. हा दादा. ही मी." मग एक कांडकं उचललं. "दादा डेन्मार्कला गेला. राहिले किती?"

"तीन."

ते परत ठेवलं, दुसरं उचललं. "मी गेले. राहिले किती?"

आण्णा बघत राहिले. "पुन्ना कर," म्हणाले.

तिने पुन्हा केलं. तीनच. आण्णांनी स्वतः केलं. मला उचललं, ठेवलं, तिला उचललं, ठेवलं. त्यांचा चेहरा पडत गेला. रात्रभर जागून काढलेला मार्ग हा असा चार कांडक्यांवर आडवा झाला.

"म्हंजी कुनीबी गेलं तरी दीडच?"

"दीडच."

"पर तुझ्या मोळ्या जास्ती हुत्यात," आण्णा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मोळ्याचं न्हाई ते." आई बोलली. "बापाला भ्या वाटतंय. पोरगी एकटी जातीय त्याचं. कोयत्याच्या आड लपलाय त्यो दोन दीस."

आण्णांनी नाकारलं नाही. कांडक्याची साल नखाने सोलत राहिले. "अर्ध्या कोयत्याला कुनीबी दाबतं," ते म्हणाले. "मी बघितलंय. रंगूला कोपीला जागा दिली न्हवती, बैल बांधायच्या जागेशेजारी झोपली आठ वर्सं. कुनी तिच्या मोळ्या आपल्यात घालायचं. ती रडायची, म्या बघायचो. म्या भाऊ आसून काय करू शकलो न्हाई. आन् हिला तितं कोन हाय?"

हे आम्हा कुणाला माहीत नव्हतं, म्हणजे आण्णा बघायचे हे. आत्या पाचटावर पाय पसरून बसली होती. तिच्याही चेहऱ्यावर धक्का होता. मग तो गेला.

"आठ वर्सं अर्धा कोयता हुते," ती म्हणाली. "मेले का? बैल लई चांगला शेजारी असतोय. घोरत न्हाई. जाऊ दे पोरीला."

"आन् हितला अर्धा?"

"त्याचं मी बघते," आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला रोहिणी निघाली. आईने एका हाताने तिला कुंकू लावलं. आण्णांनी तिच्या दोन्ही हातांचे तळवे उघडून बघितले. फोड, चिंध्या. "साबनानं धुतले तर जातील का गं?" त्यांनी विचारलं. "तिथली मानसं काय म्हन्तील?" रोहिणी म्हणाली, "गाईला फरक पडत नाही आण्णा." मग बॅग डोक्यावर घेऊन मी तिला फाट्यावर एसटीत बसवलं.

मी परत आलो तेव्हा मुकादम आला होता. गाडी बांधावर उभी, कारखान्याचा स्लीपबॉय पावतीबुक घेऊन घाई करत होता, टोळीचे सगळे कोयते हातात कोयते धरून उभे.

"पोरगी कुठाय?" मुकादम म्हणाला.

"गेली," आई म्हणाली.

"गेली? कुठं गेली?"

"डेन्मार्कला."

मुकादमाने खिशातून वही काढली. त्या वहीत गैरहजर माणसापुढे तो कारण लिहितो: आजारी, बाळंत, पळाला. त्याने पेन टेकवलं आणि तसाच थांबला. "हे कसं लिहू?"

"लिहा तसंच. आन् आमचा अर्धा कोयता भरा."

"म्या कुठनं भरू वैनी?"

"दसऱ्याला देवळाम्होरं काय म्हनला हुता? कपाळाला गुलाल लावून?"

मुकादमाने वही मिटली. दर दसऱ्याला, गाव सोडायच्या आधी, भैरोबाच्या पायरीवर उभा राहून तो म्हणतो: कुनाचा कोयता मोडला तर म्या सोता उभा ऱ्हाईन, भैरोबाची आन हाय. सगळेच मुकादम असं म्हणतात. त्याच्या मुकादमकीच्या अठरा वर्षांत तो शब्द कुणी वापरायला काढला नव्हता. आईने काढला.

"ते... तसं म्हनायचं असतंय वैनी."

"नाव लागलं म्हंजी मानूस पायजे," आई म्हणाली. "कुनीबी असू दे." आणि आपला कोयता मुठीकडून त्याच्यापुढे धरला.

मुकादमाने टोळीकडे बघितलं. दहा कोयत्यांपैकी कुणीही दुसरीकडे बघत नव्हतं. स्लीपबॉय म्हणाला, "चला ओ मुकादम, गाडीचा नंबर जाईल." मच्छिंद्र मुकादमाने घड्याळ काढलं, खिशात ठेवलं. बूट काढावेत का तसेच ठेवावेत यात दोन मिनिटं गेली. मग घालूनच तो आण्णांच्या शेजारच्या सरीत शिरला.

पहिला घाव त्याने गुडघ्याएवढ्या उंचीवर घातला. हाच माणूस रोज बांधावरून ओरडायचा, बुडख्यातनं तोडा, वर वीतभर ठिवू नगा, साखर बुडात असती. आता त्याच्या मागे वीतवीतभर बुडखे उभे राहत गेले. कुणी काही बोललं नाही. बोलायचं म्हणजे तोंड उघडायला लागतं, आणि आमची तोंडं आधीच उघडी होती.

मी फोटो काढला. वाकलेला मुकादम, बूट, मागे बुडख्यांची रांग. रोहिणीला पाठवला. खाली लिहिलं, तुझी बदली लागली. एकच टिक आली. दिवसभर एकच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याच फडात होतो. मुकादमही. त्याच्या कमरेला आईने चुना-हळदीचा लेप लावला होता. फोन वाजला.

"पोचले," रोहिणीने लिहिलं होतं. मी मोठ्याने वाचत होतो. "बर्फ आहे. विमानात शेजारच्या बाईने माझे हात बघितले आणि मला तिचं क्रीम दिलं. आईला सांग, जोडी मिळाली. व्हिएतनामची आहे, खोलीत दोघीच. तिच्या गावाकडं पण ऊस असतो. तिचे पण हात तसलेच आहेत."

आण्णा सरीत उभे होते. त्यांनी कोयता खाली ठेवला, डोक्याचं फडकं सोडलं, तोंड पुसलं, पुन्हा बांधलं. पुसायला घाम नव्हता, थंडी होती. "व्हिएतनाम कोन्च्या तालुक्यात येतं रं?" त्यांनी विचारलं. "जाऊ दे. पुरा कोयता झाला."

"अजून एक आहे," मी म्हणालो. फोटोखालचा निरोप होता. तो मी जरा जास्तच मोठ्याने वाचला. "मुकादमाला सांग, बुडख्यातनं तोडा. वर लई सोडलंय."

मुकादम कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाला. आधी माझ्याकडं बघितलं, मग बांधाकडे, मग वर, जिथं काहीच नव्हतं.

"कुठनं बघितलं तिनं?"

"डेन्मार्कवरनं."

त्याने मागे वळून आपले बुडखे बघितले. मग वाकला, आणखी वाकला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा जमिनीला लागून घाव घातला.